चार बोल्ट

"इंजिनाला हात लाव, टाकी उतरव, पायजे तर चाकं काढून ठेव. पर साईडकार गाडीपासनं सोडवायची न्हाई. कळलं?"

दौलूतात्या खाडे माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहून मला दम देत होते आणि मी मनातल्या मनात हसत होतो. ब्याऐंशी साल. मी सत्तावीस वर्षांचा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत माझं स्वतःचं गॅरेज होऊन तीन वर्षं झाली होती. जुन्या इंग्रजी गाड्यांचं काम बजरंग लोहारासारखं कुणाला जमत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांपेक्षा मीच जास्त म्हणायचो.

"का हो तात्या? सोडवली तर पळून जाणार हाय का ती?"

"न्हाई म्हटलं न्हवं? मग न्हाई."

साठी ओलांडलेला फौजी माणूस. अंगावर धोतर-सदरा असला तरी उभं राहणं अजून परेडवरचंच होतं. टेम्पोतून उतरवलेली ती गाडी त्यांच्यामागे उभी होती. अंगभर लष्करी हिरवा रंग फासलेली मोटारसायकल, आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साईडकार, म्हणजे एका चाकावरची पत्र्याची खोल बैठक. माणूस आत पाय पसरून बसला की नुसतं छातीपासून वर दिसावा अशी. साईडकारच्या पत्र्याला बाहेरच्या बाजूनं बोटभर भोक होतं आणि त्या भोकात वाळून कोळ झालेलं झेंडूचं फूल खोचलेलं होतं.

साईडकारवर हात ठेवून एक बाई उभी होती. दवाखान्यात आणलेल्या माणसाशेजारी उभं राहावं तशी. पंचावन्नच्या आसपासची, काटक, उन्हानं रापलेली, आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. ती हौसाबाई. गारगोटीकडच्या करंजवाडीची.

"लेकरा," ती म्हणाली, "खंडेनवमीला सकाळी ही चालू झाली पायजे. त्येच्या आत झाली तर झाली. मागनं कवा झाली तरी मला काय उपेग न्हाई."

खंडेनवमीला अकरा दिवस होते. मी चहा मागवला आणि विचारलं, एवढं काय अडलंय. तिनं बशीत चहा ओतला, पण प्यायली नाही.

"माझा मालक हिच्यात बसल्याला," ती म्हणाली. "केरबा पाटील. चव्वेचाळीस सालात, बर्म्याच्या लढाईत. मांडीत गोळी लागली तवा त्येंच्याच पलटणीतल्या ह्या भावजींनी ह्यात घालून दवाखान्यात पोचिवला. जिता पोचिवला. म्होरं काय झालं कुणालाच ठावं न्हाई. सरकारचा कागद आला, त्यावर बेपत्ता लिवलं हुतं. मेला असं कुणी लिवलं न्हाई. मग मी कपाळ का म्हणून पुसू?"

दौलूतात्या रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"भावजी लढाईवरनं आलं, तवापास्नं मी एकच धोशा लावला. ज्या गाडीतनं नेलासा ती गाडी मला दावा. सा वर्सांनी आणली शोधून. म्हणालं, वैनी, ही चालू हाय तवर केरबा हाय असं समजा." तिनं त्या भोकावर बोट ठेवलं. "ही त्येंची गोळी. दर खंडेनवमीला मी हिला ओवाळते, हितं फूल लावते, आन् भावजी किक मारत्यात. एकतीस वर्सं झाली. एकबी वर्स चुकलं न्हाई. औंदा श्रावणात भावजींनी सहज मारून बघितली, तर किकच खाली जाईना."

हे ऐकून मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. मला वाटलं, पिस्टन गंजून धरला असणार, त्यात काय एवढं.

"आन् गावानं औंदा शिळा केलीया," ती पुढं म्हणाली. "लढाईत मेलेल्यांची नावं. धा नावं कोरली, अकराव्याची जागा मोकळी ठेवलीया. दसऱ्याला बसवायची. सरपंच म्हणतोय, काकी, आता तरी व्हय म्हणा. मी म्हटलं, खंडेनवमीला गाडी चालू झाली तर नाव घालायचं न्हाई. न्हाई झाली तर घाला, मी माझ्या हातानं कुंकू पुसते."

एवढं बोलून तिनं चहा पिऊन टाकला आणि बशी धुऊन पालथी घातली. माझ्या गॅरेजमध्ये बशी धुऊन ठेवणारं ते पहिलं गिऱ्हाईक.

"एका किकमध्ये चालू करून देतो मावशी," मी म्हटलं. "नाव बजरंग लोहार."

इंजिनानं मला छळलं. पिस्टन खरंच धरला होता. सहा दिवस त्यात रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवत होतो, रोज सकाळी लाकडी ठोकळा लावून हलके ठोके देत होतो. सातव्या दिवशी सुटला. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची गुंडाळी जळाली होती, ती नव्यानं गुंडाळून आणली. पिस्टनच्या रिंगा मिळेनात, तर एका ट्रॅक्टरच्या रिंगा मापात घासून बसवल्या. सप्तमीच्या दिवशी दुपारी पहिली किक मारली आणि गाडी चालू झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, थंड करून, गरम असताना, सगळ्या परीनं मारून बघितली. एका किकमध्ये. मी एकटाच गॅरेजमध्ये हसत उभा होतो.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसाची एक खोड असते. सांगितलेलं काम संपलं की न सांगितलेलं दिसायला लागतं. साईडकार खडखडत होती. मी वाकून बघितलं तर ती गाडीला ज्या चार बोल्टांनी जोडली होती ते बोल्ट या गाडीचे नव्हतेच. चौकोनी माथ्याचे, जुनाट, भोकापेक्षा बारीक. भोकात घट्ट बसावेत म्हणून त्यांना पत्र्याची पट्टी गुंडाळली होती. वर हे एवढं ग्रीस चोपडलेलं. गाडीच्या बाकी कुठल्याच भागाची कुणी एवढी काळजी घेतली नव्हती. मला तो गावठी कारभार बघून हसू आलं. म्हातारा म्हणूनच सोडवू नको म्हणत असणार, मला वाटलं, आपली जुगाडी उघडी पडेल म्हणून.

मी ते चार बोल्ट काढले, भंगाराच्या डब्यात टाकले आणि शेजारच्या लेथवरून बरोबर मापाचे नवे करून घेतले. साईडकार बाजूला ओढली. आता सोडवलीच आहे, तर पत्र्याचा गंज काढून एक हात रंगही देऊ, असं ठरवलं. मावशी खूश होईल. पैसे मागणार नव्हतो. हौस म्हणून करत होतो आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता.

खरवडायच्या पत्रीनं हिरवा रंग काढायला घेतला आणि हात थांबला.

लढाईतली गाडी म्हटली की हिरव्याखाली खाकी असावा, नाहीतर आणखी एक हिरवा. इथं निघाला तांबडा. चांगला चकचकीत तांबडा, बाजारात मिरवायचा. त्यावर पांढरं काहीतरी. मी पॉलिशपेपर घेतला, पाण्यात भिजवून हळूहळू घासत गेलो आणि एकेक अक्षर वर येत गेलं. हातभर लांबीची, वळणदार, खाली पिवळी रेघ ओढलेली अक्षरं. शेजारी एक गुलाबाचं फूल.

मग मी ते भोक बघितलं. गोळी पत्र्यातून जाते तेव्हा पत्रा फाटतो, कडा एका बाजूला उलटतात. या भोकाच्या कडा साफ होत्या. मी हत्यारांच्या बोर्डावरून ड्रिलचं पातं काढलं आणि घातलं. अर्ध्या इंचाचं. घट्ट बसलं.

माझं डोकं फिरलं. ती बाई एकतीस वर्षं ड्रिलच्या भोकात फूल खोचत होती! आणि तो म्हातारा दरवर्षी येऊन किक मारून तिचा मान घेत होता. कसला सोबती आणि कसली लढाई, मला वाटलं. याला कुणीतरी उघडं पाडायलाच हवं. आणि ते कुणीतरी मी आहे, याचं मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी सगळं उद्यमनगर झाडून-धुऊन निघतं. वर्षभराचं भंगार त्या दिवशी बाहेर पडतं. दस्तगीरचाचा हातगाडी घेऊन सकाळीच आला आणि माझे सगळे डबे रिकामे करून गेला. मी फरशी धुतली, पाने पुसून मापानं मांडून ठेवले. गाडी एका बाजूला, साईडकार चार हात लांब, अक्षरं वर करून. तात्या उद्या येतील तेव्हा त्यांच्या तोंडासमोर हे धरायचं, असा माझा बेत होता.

दुपारी तीनला दारात हौसाबाई उभी. एकटीच, एसटीनं आलेली. हातात झेंडूच्या फुलांची पिशवी.

"घरात जीव रमंना," ती म्हणाली. "म्हटलं बघून यावं. झाली का रं चालू?"

"झाली मावशी."

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डोळे मिटून तशीच क्षणभर उभी राहिली. मग उघडले आणि तिला साईडकार दिसली.

"रंग काढलास व्हय? नवा देतूस?" ती जवळ गेली, वाकली. अक्षरांवरून पाची बोटं फिरवली. "ह्ये काय लिवलंय रं? मला वाचाय येत न्हाई. मालकाचं नाव हाय का काय?"

इथं मी काहीही सांगू शकलो असतो. पलटणीचं नाव आहे म्हणालो असतो, गाडीचा नंबर आहे म्हणालो असतो. तिला कुठं कळणार होतं? चाळीस वर्षांत हा क्षण मी किती वेळा परत जगलो आणि किती वेगवेगळी उत्तरं दिली, त्याची मोजदाद नाही.

पण त्या दिवशी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि खरं माझ्या बाजूला होतं.

"गुलाबछाप चहा," मी वाचलं.

"काय छाप?"

"चहा, मावशी. च्या. चहा विकणाऱ्या एजंटाची गाडी आहे ही. गावोगाव चहाच्या पुड्या घेऊन फिरायची. लढाईबिढाई हिनं बघितलेली नाही. वरनं हिरवा रंग मारलाय." तिला कळलं नसावं असं वाटून मी आणखी पुढं गेलो. ड्रिलचं पातं घेतलं आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या भोकात घातलं. "आणि ही गोळी नाही. हे बघा. ड्रिलनं पाडलेलं भोक आहे. फसवलंय तुम्हाला."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातलं पातं बाजूला सारलं, त्या भोकात आपलं बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"मग मालक कशात बसल्यालं?" तिनं विचारलं.

तेवढ्या एका प्रश्नानं माझी सगळी हुशारी मातीत गेली. मी खोटं काय ते शोधून काढलं होतं. खरं काय, हा प्रश्न माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. पुढच्या एसटीनं दौलूतात्या आले. वहिनी न सांगता निघाल्या हे कळल्यावर मागोमाग निघालेले. दारात पाऊल टाकलं आणि थांबले.

मला वाटलं होतं, ते आधी अक्षरं बघतील. त्यांनी अक्षरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. गाडी आणि साईडकार यांच्यामधल्या त्या चार हात मोकळ्या फरशीकडे बघत राहिले.

"कुणी सोडिवली?" आवाज असा, की हा माणूस कधी कुणाला दम देत असेल असं वाटलं नसतं. "तुला सांगितलं हुतं न्हवं? सोडवू नगोस म्हणून?"

आणि ते उंबऱ्यावर खाली बसले.

"भावजी," हौसाबाई म्हणाली, "ही च्यावाल्याची गाडी हाय म्हणं."

"व्हय."

"मग मालक कशात बसल्यालं?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तसलीच हुती, वैनी. अगदी अश्शीच. म्हणूनच ही घेतली. तुम्ही गाडी दावा, गाडी दावा म्हणून जीव खाल्ला माझा. ती गाडी मी कुठनं आणणार? बेळगावात ही उभी दिसली, तसल्याच बांध्याची. घेतली, रंग मारला, भोक पाडलं."

"दवाखान्यात पोचिवलासा न्हवं त्यांस्नी?"

गल्लीत कुणाच्या तरी कारखान्यात पाणी मारून फरशी घासत होते, त्याचा आवाज येत होता.

"पोचिवला न्हाई," ते म्हणाले. "दवाखाना अकरा मैल हुता. चार मैलांवर दरड कोसळल्याली. बाजूनं पायवाट ऱ्हायली हुती, नुस्ती मोटारसायकल जाईल एवढी. साईडकारसकट जात न्हवती. आन् माझ्याकडं म्होरल्या चौकीचा निरोप हुता. त्यो पोचला न्हाई तर तिकडली चाळीस माणसं अडकणार हुती. केरबाच म्हणाला, दौल्या, मला हितंच सोड. साईडकार सोडव. निरोप दे आन् माणसं घिऊन ये."

"मग?"

"मग सोडिवली. चार बोल्ट हुतं. काढलं आन् त्येच्या हातात दिलं. म्हटलं, सांभाळ ह्ये, मी आलो की लावायचं हाईत, हरवू नगोस. त्यो हसला. म्हणाला, मी कुठं जातूय हरवायला."

हौसाबाई साईडकारला टेकली.

"निरोप पोचिवला. पर मागं जाऊ दिलं न्हाई मला. वाट दुश्मनानं धरली हुती. हात जोडलं, रडलो, सायबाच्या पाया पडलो. तिसऱ्या दिशी वाट मोकळी झाली तवा एकटाच पळत सुटलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "साईडकार तिथंच हुती, वैनी. त्योबी तिथंच हुता. बसल्याला. वाटंकडं तोंड करून. मूठ आवळल्याली. उघडाय लागली मला. आत चारी बोल्ट."

तिनं पुन्हा त्या भोकात बोट घातलं.

"मी एकट्यानंच पुरला. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर पयला सवाल आला असता, सोडलास का म्हणून. पलटणीत बेपत्ता लागलं ते लागू दिलं. तुमच्याफुडं आलो तर तुम्ही दारातच इचारलंसा, जिता हुता न्हवं तुम्ही बघितला तवा? त्वांडातनं व्हय निघालं. एकदा व्हय म्हटल्यावर मागं फिरायला वाटच ऱ्हायली न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाडी खोटी हाय, रंग खोटा हाय, भोक खोटं हाय. पर बोल्ट त्येचं हाईत. त्येच्या मुठीतलं. दर साली मी त्येला ग्रीस लावतूय. कुठं ठेवलंस रं तू ते?"

हौसाबाईनं पहिल्यांदाच वर बघितलं. माझ्याकडे. आणि हात पुढं केला.

"दे," ती म्हणाली.

"आणतो," एवढंच मी बोललो आणि पळत सुटलो.

दस्तगीरचाचाची वखार दोन गल्ल्या सोडून. तो मोकळ्या आवारात झाडू मारत होता. "सकाळचा माल? तो गेला की फौंड्रीत. उद्यापासनं भट्ट्या बंद, आज शेवटचा घाणा." मी फौंड्रीकडे पळालो. आत पोचलो तेव्हा भट्टीचं तोंड उघडलेलं होतं आणि पातळ लोखंड साच्यांत उतरत होतं. मी मुकादमाला विचारलं, बारीक भंगार कुठं आहे. त्यानं नुसतं भट्टीकडे बोट केलं. मी तिथं उभा राहिलो. एवढ्या गाडीत खरी अशी एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच मी, खोटं शोधणाऱ्या माणसानं, भंगारात टाकली होती. कुणीतरी माझा दंड धरून मला मागं ओढलं, नाहीतर आणखी किती पुढं गेलो असतो सांगता येत नाही.

परत येताना चाचाच्या वखारीत शिरलो. कोपऱ्यात एक पेटी राहिली होती. त्यात हात घालून मी बोल्ट शोधायला लागलो. एका लांबीचे, एका जाडीचे, जुने दिसणारे. चौकोनी माथ्याचे नव्हतेच. सहा कोनी चार मिळाले. ते मी फरशीवर घासले, मातीत मळवले, चाचाच्या डब्यातलं ग्रीस लावलं. चाचा बघत होता. "काय करतोयस रे?" म्हणाला. मी काय करत होतो ते मला नीट कळत होतं. तासाभरापूर्वी ज्या माणसाला मी मनात शिव्या देत होतो, त्यानं एकतीस वर्षांपूर्वी बेळगावात हेच केलं होतं.

गॅरेजमध्ये आलो तेव्हा दोघं होती तशीच होती. तात्या उंबऱ्यावर, ती साईडकारपाशी. फक्त तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. पदराच्या टोकाला तांबडं लागलेलं होतं आणि कपाळाचा तेवढाच गोल भाग, चाळीस वर्षं ऊन न लागलेला, बाकीच्या तोंडापेक्षा गोरा दिसत होता. झेंडूची पिशवी पायाशी पडली होती.

तिचा हात पुन्हा पुढं आला. मी चार बोल्ट तिच्या तळहातावर ठेवले.

"ह्येच का?"

"हेच मावशी."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवायचं काही कारणही नव्हतं. तिनं हात तात्यांसमोर नेला. "ह्येच का, भावजी?"

तात्यांनी बघितलं. एकतीस वर्षं ज्या चौकोनी माथ्यांना त्यांनी ग्रीस लावलं होतं, त्यांच्या जागी सहा कोनी माथे. ओळखायला त्यांना डोळेसुद्धा लागले नसते. त्यांनी नजर उचलून माझ्याकडे बघितलं. माझ्या नखांत माती होती. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. बोल्ट सापडले म्हणून आलं असंच तिला वाटलं असणार.

"व्हय वैनी," ते म्हणाले. "ह्येच."

तिनं मूठ मिटली आणि छातीशी धरली. मग ती रडली. चाळीस वर्षांचं सगळं एकदम, उभ्या उभ्या. आमच्या दोघांपैकी कुणी तिच्या जवळ गेलं नाही. आम्हाला तोंडच नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "सरपंचाला सांगा, नाव घाला म्हणावं," ती तात्यांना म्हणाली. आणि मला म्हणाली, "गाडी एका किकमध्ये चालू हुती न्हवं?"

"होते मावशी. मारून दाखवू?"

"नगो," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं इंजिन पुन्हा बांधलं नाही, आणि ते तिनं कधी ऐकलं नाही. नव्या बोल्टांनी मी साईडकार जोडून दिली. अक्षरांवर रंग मारू का विचारलं, तर त्यालाही नको म्हणाली. दसऱ्याला शिळा बसली. अकरावं नाव केरबा पाटलांचं.

त्यानंतर मी दर खंडेनवमीला करंजवाडीला जायचो. गाडी परड्यात उभी असायची, चहाची अक्षरं उन्हात. तिला कुणी ओवाळायचं नाही. हौसाबाई देव्हाऱ्यातून एक फडकं काढायची, उलगडायची आणि ते चार बोल्ट माझ्यापुढं ठेवायची. "ग्रीस लाव," म्हणायची. मी लावायचो. दौलूतात्या शेजारी बसलेले असायचे, जमिनीकडे बघत. मग ती आम्हा दोघांना जेवायला वाढायची. पाच वर्षं मी ते जेवण जेवलो. प्रत्येक घासाला वाटायचं, आज सांगावं. पण एकदा हो म्हटल्यावर मागं फिरायला वाट राहत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात ती गेली. मला कळलं तेव्हा अग्नी देऊन झाला होता. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी गेलो. मूठ मिटूनच नेलं होतं तिला, मरायच्या आधी तिनं तसं सांगितलं होतं म्हणे. राखेवर पाणी शिंपडलं तेव्हा अस्थींमधून ते चार बोल्ट वर आले. काळे पडलेले, पण शाबूत.

दौलूतात्या अडुसष्टचे, कंबरेत वाकलेले. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यावर बसून एकेक बोल्ट उचलला, दुधानं धुतला आणि तिच्या अस्थींबरोबर मडक्यात ठेवला. चौथा हातात धरून थोडा वेळ बघत राहिले. मी समोर उभा होतो. आता ते मला काहीतरी म्हणतील असं वाटलं.

त्यांनी तोही आत ठेवला. "धर," म्हणाले आणि मडकं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं नदीकडे चालत गेलो.